शब्द साठ पाठ, तरी आभार मानता येईनात

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताईंचं माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर सावद्याजवळ. लहानपणी घरात अहिराणी, आता घरात लेवा बोली, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. रावेर तालुक्यातल्या एका केळी निर्यातदाराच्या पॅकहाउसमध्ये त्या कागदपत्रं आणि ईमेल सांभाळतात. सुट्टीच्या दिवसांत त्यांचा केळीचा एक रीफर, म्हणजे विजेवर थंड राहणारा कंटेनर, दुबईच्या जेबेल अली बंदरात अडकला होता. खरेदीदाराच्या माणसाने खटपट करून त्याची वीज चालू ठेवली आणि माल वाचला. त्याचे आभार मानायला ताईंनी मेल लिहिला. 'कृतज्ञता' या विषयावरची ६० इंग्रजी शब्दांची यादी त्यांना पाठ होती, त्यातले भारदस्त शब्द निवडून त्यांनी लिहिलं: 'वी आर एटर्नली इन्डेटेड अँड हायली ऑब्लाइज्ड फॉर युवर ग्रॅच्युइटस हेल्प.' समोरून उत्तर आलं, 'आमचं काही चुकलं का?' ऑफिसात हसू झालं ते वेगळंच. आता शेठनी महिन्याभरावर आलेल्या शेतकरी मेळाव्याचं आभारप्रदर्शन इंग्रजीत करून मागितलंय, कारण परदेशी पाहुणे येणार आहेत. ताई विचारतात: 'माझा शब्दसंग्रह कमी पडतो का? आपल्याकडे घरात कुणी थँक्यू म्हणतच नाही, मुळात आपल्या भाषेतच आभाराचे शब्द कमी आहेत, म्हणून असं होतं का? जळगावला तीन महिन्यांचा क्लास आहे, फी १२,००० रुपये, लावू का? आणि मला कुणी थँक्यू म्हटलं तर काय म्हणायचं तेही सुचत नाही.'

ताई,

आधी राहिलेलं काम. 'आमचं काही चुकलं का' या मेलला अजून उत्तर दिलं नसेल तर पुढचं वाचण्याआधी ते देऊन टाका. दोन ओळी पुरतात: 'नॉट ॲट ऑल, आय यूज्ड द राँग वर्ड. आय मेन्ट टू से दॅट युवर हेल्प सेव्ह्ड अवर शिपमेंट.' यात लाजण्यासारखं काही नाही. तिथल्या ऑफिसांत बहुतेकांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते, त्यामुळे शब्द घसरतो म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक असतं. गप्प राहिलात तर मात्र गैरसमज तसाच राहील.

आता तो 'ग्रॅच्युइटस'. तुमच्या यादीत त्याच्यापुढे 'मोबदला न घेता केलेलं' असा अर्थ लिहिलेला असणार, आणि तो खोटा नाही. कायद्याच्या भाषेत त्या अर्थाने तो शब्द आजही येतो. पण रोजच्या इंग्रजीत 'ग्रॅच्युइटस' म्हणजे उगाच, गरज नसताना, कारण नसताना केलेलं. सिनेमात विनाकारण घुसडलेल्या मारामारीला 'ग्रॅच्युइटस व्हायलन्स' म्हणतात, कुणी उगाच केलेल्या पाणउताऱ्याला 'ग्रॅच्युइटस इन्सल्ट'. म्हणजे तुम्ही त्या भल्या माणसाला कळवलंत की 'तुमच्या नको त्या मदतीबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.' त्याने विचारलं ते बरोबरच विचारलं!

हा शब्द ज्या घराण्यातला आहे ते घराणं ओळखून ठेवा, कारण त्यात सोयरे आणि खोडकर दोन्ही आहेत. लॅटिन 'ग्राटुस', म्हणजे आवडलेला किंवा आभारी, हे मूळ. त्यातून 'ग्रेटफुल' आणि 'ग्रॅटिट्यूड' आले. 'काँग्रॅच्युलेट'ही तिथलाच. 'ग्रॅटिस' म्हणजे फुकट, नुसत्या आभारांवर दिलेलं. 'ग्रॅच्युइटी' आपल्याकडे नोकरी सोडताना मिळते, तिचा केंद्रीय कायदा १९७२ मध्ये झाला. परदेशात मात्र हॉटेलात वेटरला ठेवलेल्या टिपेलाही ग्रॅच्युइटी म्हणतात. 'ग्रॅटिफाइंग' म्हणजे समाधान देणारं, 'इन्ग्रेट' म्हणजे कृतघ्न माणूस. मूळ एक असलं तरी अर्थ एक असेलच असं नाही, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. जाता जाता स्पेलिंग: 'ग्रेटफुल' लिहिताना जी-आर-ए-टी-ई. मोठा या अर्थाच्या 'ग्रेट'चं स्पेलिंग तिथे घुसतं आणि मेल तपासणारा पहिल्याच ओळीत थबकतो.

शब्द कमी पडतात का, या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ६० शब्द जास्तच आहेत. निर्यातीच्या ऑफिसात वर्षभर आभार मानायला आठ-दहा शब्द पुरतात. तुमच्याकडे जे नाही ते त्या शब्दांच्या मागेपुढे येणारं गणगोत. यादीत 'ग्रेटफुल म्हणजे कृतज्ञ' एवढंच असतं. कुणाला, कशाबद्दल, पुढे क्रियापद आलं तर ते कोणत्या रूपात, हे यादी सांगत नाही, आणि वाक्य नेमकं तिथेच मोडतं.

ते का मोडतं तेही पाहा. मराठीत नातं प्रत्ययाने किंवा शब्दयोगी अव्ययाने दाखवतात आणि ते शब्दाच्या मागून येतं: तुमचे आभार, मदतीबद्दल, तुमच्यामुळे. इंग्रजीत ते काम शब्दाच्या आधी येणारं अव्यय करतं, आणि कोणतं अव्यय यायचं हे क्रियापदावर किंवा विशेषणावर ठरतं. 'तुम्हाला धन्यवाद' डोक्यात ठेवून लिहिलं की हातून 'थँक्स टू यू' उमटतं. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला 'थँक्स टू यू' म्हणजे 'तुमच्यामुळे'. 'थँक्स टू यू, द कंटेनर वॉज सेव्ह्ड' हे कौतुक आणि 'थँक्स टू यू, द कंटेनर वॉज लेट' हा टोमणा. म्हणून सरळ 'थँक यू', मग 'फॉर', मग काम: 'थँक यू फॉर सेंडिंग द पेपर्स.' 'फॉर'नंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतो. 'फॉर हेल्प मी' होत नाही, 'फॉर हेल्पिंग मी' होतं. 'आय थँक टू यू' तर कुठेच नाही.

'ग्रेटफुल'ला दोन नाती लागतात, माणसाला 'टू' आणि गोष्टीला 'फॉर': 'आय ॲम ग्रेटफुल टू यू फॉर युवर पेशन्स.' 'ग्रेटफुल फॉर यू' म्हटलं तर 'तुम्ही माझ्या आयुष्यात आहात याबद्दल' असा अर्थ निघतो. नवऱ्याला म्हणा हवं तर, खरेदीदाराला नको. 'थँकफुल' जवळचा आहे, पण त्यात बरेचदा सुटकेचा निःश्वास असतो: गारपीट झाली आणि आपली बाग वाचली, तेव्हा 'वी आर थँकफुल दॅट द फार्म वॉज सेफ.' इथे समोर उपकार करणारा माणूस असायलाच हवा असं नाही.

'अप्रीशिएट' या शब्दाला काम लागतं. ऑफिसच्या इंग्रजीत 'आय अप्रीशिएट युवर हेल्प' लिहा; 'आय अप्रीशिएट यू' बोलण्यात, जवळच्या माणसांत चालून जातं. पुढे 'जर' आला तर मधे 'इट' हवाच: 'वी वुड अप्रीशिएट इट इफ यू कुड कन्फर्म बाय मंडे.' हा 'इट' आपल्याकडे हमखास गळतो, कारण मराठीत त्या जागी काहीच नसतं. शिवाय त्याचा 'समजून घेणं' असाही उपयोग आहे: 'आय अप्रीशिएट दॅट यू आर बिझी' म्हणजे 'तुम्ही कामात आहात याची कल्पना आहे.' आणि जमिनीचा भाव 'अप्रीशिएट' होतो तो वाढतो.

'ऑब्लाइज्ड' आणि 'इन्डेटेड' हे दोन शब्द तुमच्या कामात जपून वापरा. शाळेत अर्ज लिहिताना 'आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड' घोकलेलं असतं. पण 'ऑब्लाइज्ड टू'च्या पुढे क्रियापद आलं की अर्थ होतो 'भाग आहे, बांधील आहे': 'वी आर ऑब्लाइज्ड टू पे' म्हणजे पैसे देणं आम्हाला बंधनकारक आहे. 'इन्डेटेड'मध्ये तर उघडच कर्ज बसलंय. निवृत्त होणाऱ्या गुरुजींना म्हणायला तो शब्द सुंदर आहे. पण ज्याच्याशी तुमचा डेबिट नोट (रक्कम वळती केल्याचा कागद) आणि क्लेमचा (भरपाईच्या दाव्याचा) व्यवहार चालतो, त्याला लेखी 'आम्ही आपले देणेकरी आहोत' कशाला कळवायचं?

आता तुमचा मेल पुन्हा लिहू. मी असा लिहीन: 'थँक यू फॉर कीपिंग अवर कंटेनर प्लग्ड इन ओव्हर द वीकेंड. द टेम्परेचर स्टेड ॲट थर्टीन पॉइंट फाइव्ह, अँड द फ्रूट अराइव्ड ग्रीन अँड फर्म. वी नो धिस वॉज एक्स्ट्रा वर्क फॉर यू, अँड वी आर ग्रेटफुल.' यात अवघड शब्द एकही नाही. आधी त्याने काय केलं ते आलं, मग त्यामुळे काय झालं, मग त्याला पडलेला त्रास आम्हाला दिसला हे आलं, आणि आभाराचा शब्द अगदी शेवटी, एकदाच. तापमानाचा आकडा सजावटीला नाही. केळीचा रीफर साधारण १३ ते १४ अंशांवर चालवतात. त्याच्या खाली गेलं की साल राखाडी-काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही, आणि वीज जाऊन तापमान चढलं तर खोक्यातच पिकायला लागतं. हे त्या माणसाला तुमच्याइतकंच कळतं. म्हणून 'एटर्नली'पेक्षा १३.५ हा आकडा त्याला जास्त भावेल. आपण काय केलं हे यांना नेमकं कळलंय, एवढंच माणसाला हवं असतं. 'कृतज्ञ' या शब्दाची फोडही 'केलेलं जाणणारा' अशीच आहे.

यावरून तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येते. आपल्या भाषेत आभाराचे शब्द कमी आहेत हे खरं नाही. आपण घरात 'धन्यवाद' म्हणत नाही, कारण जवळच्याला तो शब्द परकेपणाचा वाटतो. पण आभार मानत नाही असं कुठे आहे? 'बरं झालं तुम्ही आलात', 'तुमच्यामुळे निभावलं', 'कशाला आणलंत एवढं', माहेरी 'बरं जयं, तू उना'. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याला न्हाऊमाखू घालून पुरणपोळी देतात, तेही आभारच. भाषांतर करणाऱ्याने ही वाक्यं आधी हेरायची, कारण त्यात आभाराचा शब्द नसतो आणि शब्दाला शब्द लावत गेलं की आभारच हरवतो.

ही तीन वाक्यं इंग्रजीत नेऊन पाहा. 'बरं झालं तुम्ही आलात' याचं 'आय ॲम सो ग्लॅड यू केम.' 'तुमच्यामुळे निभावलं' याचं 'वी कुडन्ट हॅव मॅनेज्ड विदाउट यू.' मराठीतलं होकारी वाक्य इंग्रजीत नकारातून जास्त सहज येतं, हे इथे दिसेल. 'कशाला आणलंत एवढं' याचं शब्दशः भाषांतर केलंत तर 'व्हाय डिड यू ब्रिंग सो मच' होईल, आणि पाहुण्याला वाटेल आपण रागावलो. त्यांच्याकडे नेमकं याच जागचं वाक्य तयार आहे: 'ओ, यू शुडन्ट हॅव!' हातात भेट घेऊन, हसत म्हणायचं. मेलमध्ये ते लिहू नका. तिथे हसणं दिसत नाही.

अशी घरगुती वाक्यं वहीत उतरवा. इंग्रजी शब्दांच्या यादीपेक्षा या मराठी वाक्यांची यादी तुम्हाला लवकर पुढे नेईल.

वहीचं म्हणाल तर एका शब्दाला एक पान द्या. वर तुमच्या कामातलं एक खरं मराठी वाक्य, त्याखाली तेच इंग्रजीत. मग त्या शब्दाचे सोबती: 'ग्रॅटिट्यूड' असेल तर 'एक्स्प्रेस', 'डीप', 'सिन्सिअर' हे लिहा; 'स्ट्राँग ग्रॅटिट्यूड' म्हणत नाहीत, आणि अनेकवचन 'ग्रॅटिट्यूड्स' होत नाही, हेही तिथेच. शेवटी तो शब्द कुठे वापरायचा नाही त्याची एक ओळ. सोबती शोधायला ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या लर्नर्स डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत; त्यात अर्थापेक्षा उदाहरणाची वाक्यं आधी वाचा. मराठीकडून इंग्रजीकडे जायला मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, म्हणजे त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. 'उपकार' आणि त्याच्या आसपासचे शब्द तिथे पाहण्यासारखे आहेत, मात्र त्यातली इंग्रजी पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. अर्थ समजायला घ्या, मेलमध्ये चिकटवू नका.

एक चूक मात्र जवळजवळ सगळे करतात. 'ग्रेटफुल', 'थँकफुल', 'ऑब्लाइज्ड', 'इन्डेटेड' हे एकाच दिवशी, एकाखाली एक पाठ करतात. अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकले की ते डोक्यात एकमेकांत मिसळतात आणि नेमक्या वेळी भलताच हाती येतो. विषयवार यादीतली खोट हीच. दिवसाला एकच शब्द घ्या, आणि त्याचा जवळचा भाऊ चार-पाच दिवसांनी. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी. नवं पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सगळ्यात वेगाने विसरतं, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून पहिल्या फेऱ्या जवळजवळ हव्यात. उजळणी म्हणजे पान वाचणं नाही. इंग्रजीवर हात ठेवायचा, मराठी वाक्य बघून इंग्रजी कागदावर लिहायचं आणि मग हात काढायचा. नुसतं वाचत गेलं की सगळं येतंय असं वाटत राहतं. रोज १५ मिनिटं पुरतात.

आता आभारप्रदर्शन. ते मराठीत आधीच फुगलेलं असतं, त्यामुळे भाषांतराचं निम्मं काम मराठीतच करावं लागतं. शेठनी दिलेला मजकूर घ्या आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहा: या माणसाने नक्की काय केलं? ज्याच्यापुढे 'अनमोल सहकार्य' सोडून काही लिहिता येत नाही, त्याची माहिती विचारून घ्या. इंग्रजीत बोलायचा वेग मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द धरा. तीन मिनिटांचं भाषण म्हणजे चारशेच्या आत.

एक वाक्य जवळून पाहू. 'आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून व्यासपीठावर उपस्थित राहिल्याबद्दल मी सर्व मान्यवरांचे संस्थेच्या वतीने मनःपूर्वक आभार मानते.' मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून कारणांची सगळी माळ आधी येते आणि ऐकणारा धीराने थांबतो. इंग्रजीत थांबत नाहीत, तिथे आभार आधी आणि कारण नंतर. 'अमूल्य'मध्ये मोठा खड्डा आहे. अ म्हणजे नाही आणि मूल्य म्हणजे 'व्हॅल्यू', असं जोडून कुणी 'व्हॅल्यूलेस' लिहिलं तर अर्थ कवडीमोल. 'प्राइसलेस' म्हणजे मोल करता येणार नाही इतकं थोर, 'वर्थलेस' म्हणजे टाकाऊ, आणि 'इनव्हॅल्युएबल'मध्ये 'इन' असूनही अर्थ 'फार मोलाचं'. इतकी कसरत कशाला? वेळेचं विशेषण काढून टाका. 'मान्यवर' म्हणजे 'अवर गेस्ट्स'. 'संस्थेच्या वतीने' सुरुवातीला एकदा म्हटलं की संपलं. 'मनःपूर्वक'ला 'फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट' हा सगळ्यांचा आवडता तोडगा. एका भाषणात तो एकदाच, ज्याच्यासाठी खरंच तसं वाटतं त्याच्यासाठी राखून ठेवा. मंडपवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना काळजाच्या तळापासून आभार पोचवले की तळ दिसायला लागतो. एवढं झाल्यावर हातात उरतं: 'थँक यू टू अवर गेस्ट्स. सम ऑफ यू लेफ्ट होम बिफोर सनराइज टू बी हिअर.' दुसरं वाक्य खरं असेल तरच ठेवा.

'ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत केली' याचं 'डायरेक्टली ऑर इनडायरेक्टली' केलं तर वकिलाच्या नोटिशीचा वास येतो. 'एव्हरीवन हू वर्क्ड बिहाइंड द सीन्स' म्हणा, आणि त्यातल्या दोघा-तिघांची कामं सांगा: ज्यांनी पाण्याची सोय पाहिली, ज्यांनी घडांचे नमुने रात्री मांडले. आणि ते आपलं नेहमीचं, 'आभार मानून मोकळं व्हायचं नाही, आम्हाला तुमच्या ऋणातच राहायला आवडेल'. मराठीत ते गोड आहे, टाळ्याही पडतात. इंग्रजीत 'वी वुड लाइक टू रिमेन इन युवर डेट' ऐकून पाहुण्यांमध्ये बँकेचा कुणी बसला असेल तर तो सावध होईल. त्या जागी 'वी कॅनॉट थँक यू इनफ.' यातला 'इनफ' विसरू नका; तो गळला तर 'आम्ही तुमचे आभार मानू शकत नाही' एवढंच उरतं.

आदरार्थी अनेकवचनाकडे खास लक्ष द्या. 'आप्पा आले, त्यांनी ठिबकचं मार्गदर्शन केलं' यात आप्पा एकच आहेत, पण घाईत लिहिणाऱ्याच्या हातून 'दे गाइडेड अस' होतं आणि ऐकणारा आणखी कोण आलं होतं ते शोधतो. मोबाइलचं भाषांतर ॲपही इथे फसू शकतं. इंग्रजीत 'ही' म्हणा. तिथे आदर क्रियापदात बसत नाही, तो 'मिस्टर पाटील' या संबोधनात आणि 'कुड', 'वुड'मध्ये जातो. आप्पा, नाना, जिभाऊ ही नावं मात्र गाळू नका. पहिल्यांदा 'मिस्टर पाटील, हूम वी ऑल कॉल आप्पा' म्हणा, पुढे नुसतं आप्पा चालेल. 'मार्गदर्शन'ला दर वेळी 'गायडन्स' नको, कशाबद्दल सांगितलं ते लिहा: 'ही शोड अस हाउ टू कट वॉटर यूज विथ ड्रिप.' जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख असेल तर नुसतं 'जीआय' म्हणून सोडू नका. पाहुण्यांसाठी 'जिऑग्राफिकल इंडिकेशन' असं पूर्ण म्हणा. हार्डवेअरवाल्यांचं जीआय म्हणजे लोखंडी पाइप.

झालेलं भाषांतर तपासायची एक खात्रीची रीत आहे. इंग्रजी मजकूर दोन दिवस बाजूला ठेवा. मग मूळ मराठी न बघता त्या इंग्रजीचं परत मराठी करा आणि दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवा. विशेषणं गळाली असतील तर ठीकच. पण कुणी, कुणासाठी, काय केलं यातलं काही हरवलं असेल तर इंग्रजी वाक्य कच्चं आहे. भाषांतर ॲप वापरायचंच तर या टप्प्यावर वापरा, तुमचं इंग्रजी त्यात टाकून मराठी काय निघतं ते पाहायला. पहिला खर्डा त्याच्याकडून घेतलात तर हात कधीच बसणार नाही.

दहावी-बारावीची मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: परीक्षेत पत्राच्या शेवटी 'थँकिंग यू, युवर्स फेथफुली' शिकवलं असेल तर तसंच लिहा, गुण तिथे आहेत. नोकरीत गेल्यावर ते सोडा; 'थँक यू' किंवा 'विथ थँक्स' पुरतं. 'थँक्स इन ॲडव्हान्स' पहिल्याच मेलमध्ये नको, समोरच्याने हो म्हणायच्या आधीच त्याला बांधल्यासारखं होतं.

क्लासबद्दल. तो लावावा की नाही हे फी बघून ठरवू नका, तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा: मी लिहिलेलं कुणी तपासून, दुरुस्त करून परत देणार का? एका बॅचमध्ये किती जण असतात? माझ्या ऑफिसचे मेल (नावं, आकडे काढून) आणलेले चालतील का? तपासून मिळणार असेल आणि बॅच दहा-बारांची असेल तर १२,००० रुपये वाया जाणार नाहीत. छापील याद्या आणि रिकाम्या जागा भरा एवढंच असेल तर ते तुम्ही घरी करताच आहात. मेळावा मात्र महिन्यावर आहे आणि क्लास तीन महिन्यांचा, त्यामुळे या भाषणाला तो उपयोगी पडणार नाही. मेळावा होऊ द्या, मग ठरवा.

तोवर फुकटातलं सगळ्यात चांगलं पुस्तक तुमच्या इनबॉक्समध्ये आहे. शोधाच्या चौकटीत 'थँक' आणि 'अप्रीशिएट' टाका आणि दोन वर्षांत बाहेरच्या खरेदीदारांनी, शिपिंग लाइनवाल्यांनी तुम्हाला कसे आभार मानलेत ती वाक्यं वहीत उतरवा. ती तुमच्याच धंद्यातली, तुमच्याच मापाची आहेत. कोणता माणूस कोणत्या कामाला किती लांब आभार मानतो तेही पाहा. कागद पोचल्याची पोच एका ओळीची असते आणि क्लेम सामोपचाराने मिटल्यावर तोच माणूस चार ओळी लिहितो.

राहिला शेवटचा प्रश्न. कुणी समोर 'थँक्यू' म्हटलं तर 'यू आर वेलकम' कधीही चालतं. मुद्दाम वेळ काढून काही केलं असेल तर 'हॅपी टू हेल्प', पाहुण्यांना 'माय प्लेझर'. आपल्याकडचं 'मेन्शन नॉट' आता सोडा. म्हणायचंच तर 'डोन्ट मेन्शन इट' म्हणा. 'नो प्रॉब्लेम' सोबतच्या माणसांत ठीक, पण ज्याची तक्रार नुकतीच मिटवली त्याला नको, त्याच्या दृष्टीने प्रॉब्लेम होताच. मेलवर कुणी नुसतं 'थँक्स' लिहिलं असेल तर उत्तर न दिलं तरी चालतं.